करत नाही, की करता येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७६ वर्षांच्या, फलटणजवळच्या गावात थोरल्या मुलाकडे राहतात. पित्ताशयातल्या खड्यांमुळे पोटात कळ आली, ताप चढला, पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. आता बरं आहे, पण पित्ताशय काढून टाका असं सर्जन म्हणतात. फाइलमध्ये एका डॉक्टरांनी ‘सीएफएस ६’ असं लिहिलंय. प्रश्न विचारणारे धाकटे चिरंजीव बंगळुरूला असतात. त्यांनी तो आकडा नेटवर शोधला, एका ॲपमध्ये आईंची माहिती भरली, लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ आलं आणि त्यांची झोप उडाली. आईचं आता कितीसं राहिलं? ऑपरेशन नको म्हणून सांगू का? आणि हे घरच्या घरी तपासता येतं का?

मी साताऱ्यात २४ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. आठवड्यातला एक दिवस फक्त साठीपुढच्यांसाठी ठेवलेला असतो, त्यामुळे असे आकडे सतत लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेले वाचतोही. म्हणून पहिलं सांगणं हे, की तो ‘६’ कोणी लिहिला, दवाखान्यातल्या कितव्या दिवशी लिहिला आणि कोणाला विचारून लिहिला, ते आधी शोधून काढा. उत्तर ‘ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सलाइन चालू असताना, वहिनींना विचारून’ असं आलं, तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

सीएफएस म्हणजे क्लिनिकल फ्रेल्टी स्केल. कॅनडातल्या डॉ. केनेथ रॉकवूड यांच्या गटाने २००५ मध्ये ही मोजपट्टी मांडली. तेव्हा तिला ७ पायऱ्या होत्या, आता ९ आहेत. १ म्हणजे त्या वयातला एकदम खणखणीत माणूस, ९ म्हणजे अखेरच्या आजारातला. ५ वर पैशाचे व्यवहार, प्रवास, औषधांचा हिशेब, जड घरकाम यांना मदत लागते. ६ वर घराबाहेरच्या सगळ्याच गोष्टींना आधार लागतो, जिना अवघड जातो, आंघोळीलाही कोणी तरी लागतं. या पट्टीचा एक नियम दवाखान्यातल्या गडबडीत हमखास विसरला जातो. आज माणूस कसा आहे ते लिहायचं नसतं, आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी कसा होता ते लिहायचं असतं. तापात, कळा येत असताना, हाताला सुई लावलेली असताना तुम्ही-मीसुद्धा सहावर जाऊ.

शब्दाचंही बोलून घेतो. फ्रेल्टीला क्षीणता, जर्जरता असे प्रतिशब्द मिळतील, पण आमच्या ओपीडीत कोणी तसं म्हणत नाही. तिथे ‘आजी पार खंगली’, ‘बाबा यंदा फार खचले’, ‘अंगात त्राणच राहिलं नाही’ असं ऐकू येतं, आणि ते अगदी नेमकं असतं. फ्रेल्टी हा एखादा रोग नाही. शरीराच्या गाठीला शिल्लक उरलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. लघवीचं साधं इन्फेक्शन घ्या. एका आजोबांना दोन दिवस ताप येतो, तिसऱ्या दिवशी ते पारावर हजर. त्याच वयाचे दुसरे आजोबा त्याच इन्फेक्शनमध्ये असंबद्ध बोलायला लागतात, पडतात, आणि तीन आठवड्यांनी उठतात तेव्हा काठी घेऊनच. दोघांचे आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. चालताना बघितलं असतं तर सांगता आला असता.

आता कोणाला विचारून लिहिला, या मुद्द्याकडे येतो, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. या मोजपट्ट्या जिथे तयार झाल्या तिथे म्हातारी माणसं एकटी किंवा नवरा-बायको दोघंच राहतात. स्वयंपाक, बाजारहाट, बँक सगळं स्वतः. त्यामुळे ‘स्वयंपाक करता का?’ला ‘नाही’ आलं, की ते बहुतेक वेळा ‘आता जमत नाही’ असतं. आपल्याकडे तसं नाही. आजोबांनी उभ्या जन्मात चहा केलेला नसतो. आजींनी बँकेत पाऊल टाकलेलं नसतं, आधी नवरा बघायचा, आता मुलगा बघतो. सून आल्यावर ओटा सुनेकडे गेला, त्याला वीस वर्षं झाली. यांना इंग्रजी फॉर्ममधले प्रश्न जसेच्या तसे विचारले तर ठणठणीत बाई पाचावर जाऊन बसते. उलटही होतं. घरात सगळं हातात मिळत असल्यामुळे, खरोखर खचलेलं माणूस वर्षभर कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून मी विचारतो, आधी काय करत होता आणि आता काय सोडलं? आणि सोडलं ते का? ‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’ यांत फार अंतर आहे. त्यात आपल्याकडे तिसरीही गोष्ट असते, ‘करू देत नाहीत’. एकदा पडल्या म्हणून गच्चीवर जायला बंदी, दूध आणायला बंदी, पाण्याची कळशी उचलायला बंदी. प्रेमापोटीच सगळं. पण सहा महिने असं जपलं, की ‘करू देत नाहीत’चं ‘करता येत नाही’ होतं.

यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या काळात एका आजींना खोकल्यासाठी आणलं होतं. मी प्रश्न आजींना विचारत होतो, उत्तरं सूनबाई देत होत्या. ‘त्या काहीच करत नाहीत हो, मीच करते सगळं.’ मी ६ लिहून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी आठवडी बाजारात गेलो, तर आजी पोतं अंथरून बसलेल्या, पुढ्यात मेथीच्या जुड्या. मला बघून हसल्या आणि दोन जुड्या फुकट दिल्या. सूनबाई खोटं बोलल्या नव्हत्या. आजी घरात खरंच काही करत नव्हत्या, कारण पहाटेपासून त्या शेतात असायच्या.

आता घरी काय बघता येईल ते सांगतो. डॉ. लिंडा फ्राइड यांच्या गटाने २००१ मध्ये अमेरिकेतल्या पाच हजारांवर ज्येष्ठांच्या अभ्यासातून पाच खुणा मांडल्या. प्रयत्न न करता वजन उतरणं, थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. पाचातल्या तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर तिच्या उंबरठ्यावर. मला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात घरातलं कोण काय काम करतं हा घोळ कमी येतो.

वजनाची रेघ वर्षात साडेचार किलो, किंवा असलेल्या वजनाच्या ५ टक्के, अशी आहे. पण गावाकडच्या आजींचं मागच्या वर्षीचं वजन लिहिलेलं कुठे असतं? मग मी बांगड्या बघतो. मनगटावर बसणाऱ्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या का, ब्लाउज सगळे आत घेतले का, परकराची नाडी किती मागे ओढून बांधतात. आजोबांच्या पट्ट्याला सुताराच्या खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं, की मला काट्याची गरज वाटत नाही. तरी काट्यावर उभं करतोच, कारण पुढच्या वेळी तुलनेला आकडा लागतो.

थकव्याबद्दल ‘दमता का?’ असं विचारू नका. कोण नाही म्हणेल? ‘गेल्या आठवड्यात, साधं काम करायलाही अंग ओढावं लागतंय असं किती दिवस वाटलं?’ असं विचारा. तीन किंवा जास्त दिवस म्हणाल्या तर ती खूण धरायची.

पकड मोजायचं यंत्र आमच्याकडे असतं, दाबायचं आणि किलोत आकडा वाचायचा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांसाठी २८ किलो आणि बायकांसाठी १८ किलो ही खालची रेघ आहे. ही किरकोळ चाचणी समजू नका. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा ‘प्युअर’ नावाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पकड ५ किलोने कमी असली, की मृत्यूची शक्यता साधारण १६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडच मृत्यूचा अंदाज बरा देत होती. घरी यंत्र नसलं, तर भिजलेला पंचा पिळता येतो का, कुकरचं झाकण एकटीने लागतं का, एवढं बघा. त्यातून आकडा मिळत नाही, पण ‘मागच्या दिवाळीत लागत होतं, आता नातवाला हाक मारते’ ही माहिती मिळते.

चाल हे माझं सगळ्यात आवडतं माप. दवाखान्याच्या बोळात दोन फुटी फरश्या आहेत. साडेसहा फरश्या म्हणजे १३ फूट, जवळजवळ ४ मीटर. खडूने दोन रेघा मारल्या आहेत. रेघेच्या दोन पावलं आधी चालायला लागायचं, नेहमीच्या वेगाने, आणि दुसऱ्या रेघेच्या पुढे जाऊन थांबायचं. मधला वेळ मोबाइलवर धरायचा, दोनदा मोजून चांगला घ्यायचा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली, तर मी सावध होतो. आशियाई निकष त्याहून कडक आहेत, ते १ मीटरच्या खाली म्हणजे मंद धरतात. ‘चालून दाखवा’ म्हटलं की काही आजोबा परेड केल्यासारखे सुटतात. त्यांना दोन फेऱ्या मारू द्या, तिसरी मोजा.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. शेजारी कोणीतरी उभं राहा, आणि खुर्ची भिंतीला टेकवा, प्लास्टिकची तर नकोच. गुडघे दुखत असतील तर हा आकडा फसवतो. मांडी घालून बसता येत नाही म्हणून माणूस फ्रेल होत नाही. ते गुडघ्याचं दुखणं असतं आणि त्याचा इलाज वेगळा.

वय आणि आजारांची यादी मी या सगळ्यानंतर बघतो, त्याचं कारण वारी. माउलींची पालखी लोणंदला येते तेव्हा उपचारकेंद्रात आम्ही काही जण बसतो. तिथे डायबेटिस, बीपी, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले ७८ वर्षांचे वारकरी पायाचे फोड दाखवायला येतात आणि ड्रेसिंग होईतो पुढचा मुक्काम विचारतात. आळंदीपासून चालत आलेले असतात. कागदावर चार आजार, पट्टीवर जेमतेम २ किंवा ३. (अर्थात जे चालू शकत नाहीत ते लोणंदला पोचतच नाहीत, त्यामुळे या निरीक्षणावर मी शोधनिबंध लिहिणार नाही.)

आता ते ॲप आणि ‘किती राहिलं’. फ्राइड यांच्याच अभ्यासात फ्रेल ठरलेल्यांपैकी ७ वर्षांत ४३ टक्के लोक गेले, फ्रेल नसलेल्यांपैकी १२ टक्के. फरक मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. पण तोच आकडा उलटा वाचा. फ्रेल ठरलेल्या शंभरातले ५७ जण सात वर्षांनीही होते. तुमच्या आई ४३ मधल्या की ५७ मधल्या, हे कोणतीही पट्टी सांगू शकत नाही. ती फक्त गर्दीबद्दल बोलते.

अशा अंदाजांची अचूकता मोजायचं एक माप असतं. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे देववाणी. इंग्लंडमध्ये २०१८ साली दवाखान्यांतल्या निदानांच्या कोडवरून ७५ वर्षांपुढच्यांचा धोका काढणारी एक पद्धत मांडली गेली. महिन्याभरातल्या मृत्यूच्या अंदाजासाठी तिचं हे माप ०.६ च्या आसपास आलं. म्हणजे नाणेफेकीपेक्षा बरं, इतकंच. तिथेच फॅमिली डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींवरून ३६ गोष्टी मोजणारा निर्देशांक २०१६ मध्ये आला, तो थोडा बरा, ०.७ च्या आसपास. हे अंदाज जन्मभराच्या नोंदी एका जागी असल्यामुळे जमतात. आपल्याकडे फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची पिशवी. तीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एक जुना एक्स-रे, आणि शेजारच्या काकूंचा चुकून आलेला शुगरचा रिपोर्ट. त्यावरून ॲप जे लाल-हिरवं दाखवतं, त्यावर मी तरी झोप घालवणार नाही.

आकडा दार बंद करायला वापरला तर काय होतं, तेही बघून झालं आहे. मार्च २०२० मध्ये, कोव्हिडच्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनांनी अतिदक्षता विभागात कोणाला न्यायचं हे ठरवताना सीएफएस बघायला सांगितलं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना रोजची मदत लागते, म्हणून तेही ५-६ वर जायला लागले. त्यांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच सूचना बदलाव्या लागल्या. ६५ च्या आतल्यांना आणि अशा कायमच्या, स्थिर अपंगत्वाला ही पट्टी लावायची नाही, असं त्यांत घातलं गेलं.

मग मी तो आकडा लिहितो कशाला? कारण तो लिहिला की पुढची कामं लागतात. आणि ही कामं करायची नसतील तर तो न लिहिलेलाच बरा.

पहिलं काम, खंगण्याचं कारण शोधणं. ‘वय झालं’ हे निदान नाही, आणि आता काही ठिकाणी ‘फ्रेल्टी आहे’ हेही तसंच वापरतात, याचा मला राग येतो. वजन उतरतंय तर टीबी, थायरॉइड, वाढलेली साखर, कॅन्सर, नैराश्य हे सगळं बघायला हवं, आणि तोंड उघडून दातही. कवळी सैल झाली म्हणून आठ महिने भाकरी सोडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर (ही डायबेटिसची गोळी) असेल तर बी-१२ तपासाच.

दुसरं काम गोळ्यांचं. एक निवृत्त कंडक्टर काका आले होते, सगळे रिपोर्ट नॉर्मल, तक्रार एकच, ‘पायातलं बळ गेलं.’ साडेसहा फरश्यांना ९ सेकंद, एक हात भिंतीला. पिशवी उलटी केली तर ९ गोळ्या. रात्री झोपेची, सकाळी साखरेची ग्लिमेपिराइड, आणि दुपारचं जेवण काका ‘भूक नाही’ म्हणून टाळायचे. दुपारनंतर तपासली तर साखर ६२. पडून बीपी घेतलं तर १३८, उभं राहून तिसऱ्या मिनिटाला ११०. वरचा आकडा उभं राहिल्यावर २० किंवा जास्त घसरला की तो माणूस पडणार, हे समजून चालायचं. झोपेची गोळी हळूहळू उतरवली, साखरेची बदलली, बीपीची एक कमी केली. सहा आठवड्यांनी ६ सेकंद, हात भिंतीला न लावता. टॉनिक एकही दिलं नव्हतं. तुम्ही मात्र फोनवरून गोळ्या बंद करू नका. पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांचा एका कागदावर फोटो काढा आणि एकाच डॉक्टरसमोर ठेवा.

तिसरं, खाणं. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. आईंचं वजन ५० धरलं तर दिवसाला ५० ते ६०. (किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा.) घट्ट आमटीची वाटी, कपभर दूध, एक अंडं, मूठभर शेंगदाणे, प्रत्येकी ६-७ ग्रॅमच्या आसपास. आपल्या आज्यांचा दिवस चहा-बिस्किटावर सुरू होतो आणि रात्री दूध-भात. त्यात सोमवार, गुरुवार, एकादशी. उपास सोडा म्हटलं की ओपीडीत वातावरण बिघडतं, हे मी शिकलोय. म्हणून म्हणतो, उपास करा, पण साबुदाण्यात कूट दुप्पट घाला आणि दोन वेळा दूध-दही घ्या. ते ऐकतात.

चौथं, व्यायाम, आणि याला पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या लोकांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला. सुमारे अडीच वर्षं नियमित चालणं आणि पायांचे व्यायाम केलेल्यांमध्ये, चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका फक्त आरोग्याचे वर्ग केलेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी होता. आईंसाठी, खुर्चीवरून उठबस आठ वेळा, सकाळ-संध्याकाळ, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. वहिनींना एवढंच सांगा, की पाण्याचा तांब्या हातात देऊ नका, त्यांना उठून घेऊ द्या.

ऑपरेशनबद्दल. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे करा किंवा नको हे सांगणार नाही. पण ‘नको’ म्हणजे धोका शून्य असं समजू नका. खडे तसेच राहिले आणि पुन्हा ताप येऊन रात्री-अपरात्री तातडीने पोट उघडावं लागलं, तर ते ठरवून केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त जोखमीचं असतं. सर्जनना तीन गोष्टी विचारा. चार-सहा आठवडे थांबणं चालेल का, म्हणजे तेवढ्यात खाणं-व्यायाम करून अंगात बळ आणता येईल. ऑपरेशननंतर भ्रम होऊ नये म्हणून काय करणार? यात तुमचाही वाटा आहे, चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत ठेवायचं, रात्री ओळखीचं माणूस जवळ हवं, झोपेची गोळी शक्यतो नको. आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून कोण उठवणार? शिवाय आईंना विचारा. तुमच्या अख्ख्या प्रश्नात त्यांना काय हवंय ते कुठेच आलेलं नाही.

येत्या रविवारी दादांना किंवा वहिनींना सांगा, फोन स्पीकरवर ठेवा आणि उत्तरं आईंनाच देऊ द्या. दवाखान्यात जायच्या आधीच्या पंधरवड्यात काकड आरतीला देवळात चालत जात होत्या का? आंघोळीला कोणी लागत होतं का, की वहिनी नुसतं गरम पाणी काढून देत होत्या? मग अंगणात १३ फूट मोजून दोन रेघा मारा, वेळ धरा, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितात तिथेच, तारखेच्या चौकटीत सेकंद आणि वजन लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. भूलतज्ज्ञांकडे जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.